ओतण्याआधीचं काम: घरगुती साच्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

तुटलेली बटणं, मिळेनासे झालेले भाग, चिकट राहिलेले साचे, फेसाळलेलं रेझिन अशा प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. सारखे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले आहेत. कामाची रीत थोडक्यात अशी: नमुन्याभोवती सिलिकोन (ओतल्यावर रबरासारखं जमणारं द्रव्य) ओतून साचा करायचा, आणि त्या साच्यात रेझिन (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं द्रव प्लॅस्टिक) ओतून नक्कल काढायची. वेळा आणि प्रमाणं २३ ते २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत केलेल्या कामाची आहेत. तुमच्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर डब्यावरचाच आकडा धरा.

प्रश्न: जुन्या यंत्राच्या दोन फिरत्या बटणांपैकी एक तुटून हरवलं आहे. दुसरं अखंड आहे, त्यावरून नक्कल करायची आहे. बटणाचा व्यास ४० मिमी, उंची २२ मिमी. दांडा ६ मिमीचा आणि एका बाजूने सपाट आहे. सुरुवात कुठून करावी आणि सिलिकोन किती लागेल?

सुरुवात नमुन्यापासून करा. सिलिकोन नमुन्यावरचं सगळं उचलतं: ओरखडा, बोटाचा ठसा, धुळीचा कणसुद्धा. नमुन्यावर जे आहे ते प्रत्येक नकलेवर येणार, आणि तिथे ते घासून काढणं नमुन्यावरून काढण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं असतं. बटण साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. चरे असतील तर लांबी (पुट्टी) भरून ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चकचकीत नक्कल हवी असेल तर नमुनाही चकचकीत हवा, कारण मंद पृष्ठभागाच्या साच्यातून चकचकीत भाग निघत नाही.

आता बटणाच्या मागची पोकळी तेलमातीने काठोकाठ भरा आणि पातं फिरवून ती सपाट करा. माती गंधकविरहित हवी. का, ते पुढच्या उत्तरात आहे. बटण पाठीवर, म्हणजे दर्शनी बाजू वर ठेवून, गुळगुळीत अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवा. असं ठेवल्यामुळे साच्याचं उघडं तोंड बटणाच्या पाठीकडे येतं. ओतताना बुडबुडे वर चढतात, म्हणजे पाठीकडे जातात, आणि बटण बसवल्यावर पाठ कुणाला दिसत नाही.

भोवती चौकट उभी करा. सगळ्या बाजूंनी आणि वरून १२ मिमी जागा पुरे. चौकट आतून ६५ बाय ६५ मिमी आणि सिलिकोनची पातळी ३५ मिमी धरली तर आकारमान सुमारे १४८ घनसेंटिमीटर होतं. बटणाचे सुमारे २७ वजा केले की १२१ उरतात. सिलिकोनची घनता १.१ धरली तर १३३ ग्रॅम होतात, आणि भांड्याला चिकटून राहणारं धरून १५० ग्रॅम घ्या. घनता डब्यावर लिहिलेली असते आणि ती १.३ पर्यंतही असू शकते, म्हणून एकदा बघून घ्या. वेड्यावाकड्या नमुन्याचं आकारमान काढायचं तर मोजपात्रातल्या पाण्यात बुडवून पाणी किती चढलं ते पाहा.

चौकटीचे सांधे गरम गोंदाने बाहेरून पूर्ण बुजवा. सिलिकोन तासन्‌तास पातळ असतं आणि केसाएवढ्या फटीतूनही वाहून जातं. सकाळी उठून पाहावं तर नमुन्याचा माथा उघडा पडलेला असतो.

अशा बटणाला शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप, आकडा लहान तितकं रबर मऊ) २० ते २५ कडकपणाचं सिलिकोन योग्य. कडेच्या खाचांतून ते ताणून निघतं आणि आकारही धरून ठेवतं. आधी मऊ ब्रशने नमुन्यावर पातळ थर फिरवा, खाचांमध्ये नीट दाबून. मग चौकटीच्या एका कोपऱ्यात, ४० ते ५० सेंटिमीटर उंचीवरून, शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक धारेने ओता. धार ताणली गेली की तिच्यातले बुडबुडे वाटेतच फुटतात. नमुन्यावर थेट ओतू नका. पातळी चढत चढत स्वतःच नमुना झाकू दे.

दांड्याच्या छिद्राचं काय? साच्यात मधोमध सरळ कांडी उभी करून छिद्र ओतता येतं, पण ती एक अंशाने कलली तरी बटण डुगडुगतं. त्यापेक्षा बटण भरीव ओता आणि मागून ८ मिमीचं छिद्र पाडा. त्यात मळून घेतलेली इपॉक्सी लांबी भरा, दांड्याला व्हॅसलीनचा पातळ हात लावा आणि बटण दांड्यावर दाबून बसवा. यंत्राची वीज बंद आणि प्लग काढलेला हवा, दांड्याभोवती पॅनेलवर टेप लावलेली हवी. बटणावरची खूण बरोबर शून्यावर आहे ना, हे लांबी मऊ असतानाच बघून फिरवून घ्या. लांबी कडक झाल्यावर बटण ओढून काढा. सपाट बाजूसकट दांड्याचा नेमका आकार आत मिळतो. इतकी अचूक बैठक ओतीव छिद्राला क्वचितच येते.

बटणासाठी पॉलियुरेथेन रेझिन घ्या, साधारण ३० ग्रॅम. मात्र बटण शेगडीचं किंवा भट्टीचं असेल तर हा बेत सोडा. यातली बरीच रेझिनं ६० ते ७० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात.

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरवर, रेझिनच्या यंत्रावर नमुना छापला. वर प्लॅटिनम सिलिकोन ओतलं. बाहेरून साचा छान झाला, पण नमुन्याला लागून असलेला थर दोन दिवसांनीही ओला आणि चिकट आहे. प्रमाण चुकलं का?

प्रमाण चुकलं असतं तर सगळाच साचा बिघडला असता. फक्त नमुन्यालगतचा थर ओला राहतो तेव्हा दोष संपर्काचा असतो. सिलिकोन जमवणारा उत्प्रेरक प्लॅटिनमचा असतो किंवा कथिलाचा. प्लॅटिनमवर जमणाऱ्या सिलिकोनमध्ये प्लॅटिनमचं प्रमाण अगदी अल्प असतं आणि काही पदार्थ त्याला पकडून निकामी करतात: गंधक, कथिलाची संयुगं, अमाइन, आणि छापील नमुन्यात उरलेलं कच्चं रेझिन. गंधक असलेली मूर्तिकामाची माती, लॅटेक्सचे हातमोजे, नैसर्गिक रबर, आधी कथिल सिलिकोनसाठी वापरलेला ब्रश, यांपैकी काहीही पुरतं. म्हणून या कामात हातमोजे नायट्राइलचेच घाला.

तो थर आता जमणार नाही. उष्णता देऊनही नाही. साचा टाकून द्या आणि नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण स्वच्छ करा.

पुन्हा करताना नमुना ताज्या अल्कोहोलमध्ये दोनदा धुवा, वाळवा, अतिनील प्रकाशात सगळ्या बाजूंनी पक्का करा आणि मग ६० अंशांवर काही तास ठेवा. त्यावर पारदर्शक अॅक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पातळ थर देऊन ते एक दिवस सुकू द्या. एवढं करूनही थेट साचा ओतू नका. नमुन्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सिलिकोनचा एक थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नखाने उचलून पाहा. खाली कोरडं असेल तरच पुढे जा.

ही सगळी यातायात नको असेल तर कथिल उत्प्रेरकावर जमणारं सिलिकोन घ्या. ते अशा पदार्थांना सहसा दाद देत नाही. त्याच्या उणिवा दोन: ते काळाबरोबर आक्रसतं, आणि काही वर्षांत ठिसूळ होतं. चार-दहा नकला काढून साचा बाजूला ठेवायचा असेल तर या उणिवा सहज चालतात.

प्रश्न: दोन भागांचा साचा केला. दुसरा भाग ओतल्यावर दोन्ही भाग एकजीव झाले. तिसऱ्या प्रयत्नात सुटले, पण नकलेच्या मध्यावर पायरी येते आणि कडेला पापडी सुटते. काय सुधारावं?

सिलिकोनला सहसा काही चिकटत नाही, मोठा अपवाद सिलिकोनचाच. ताज्या सिलिकोनला जुनं सिलिकोन म्हणजे स्वतःचंच अंग वाटतं. म्हणून पहिल्या भागाच्या सांध्याच्या पृष्ठभागावर रिलीज एजंट (चिकटू न देणारा लेप) लावावाच लागतो, आणि एकही बोटभर जागा सुटून चालत नाही. तयार स्प्रे नसेल तर थोडं व्हॅसलीन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ, दुधासारखं होईपर्यंत विरघळवा आणि ब्रशने लावा. टर्पेंटाइन उडून जाऊ द्या, मग आडव्या दिशेने दुसरा हात द्या. जाड व्हॅसलीन बोटाने थापू नका. त्याचे फराटे साच्यावर उमटतात, मग दोन भाग नीट मिटत नाहीत आणि तिथूनच पापडी सुरू होते.

आता पायरीचं. ती दोन कारणांनी येते. एक म्हणजे खुंट्या (दोन भाग एकमेकांत अडकवणारे उंचवटे आणि खळगे) उथळ किंवा कमी असणं. तेलमातीच्या थरात नमुना अर्धा बुडवल्यावर सांध्याच्या पृष्ठभागावर गोटीने किंवा गोल टोकाच्या दांडीने ५ ते ६ मिमी खोल खळगे करा. निदान चार करा, आणि ते समान अंतरावर नकोत. अंतर असमान असलं तर साचा उलटा बसूच शकत नाही. दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त आढळतं: माती काढताना नमुना पहिल्या भागातून किंचित उचलला जातो. मग त्याच्याखाली सिलिकोन शिरतं. पहिला भाग जमला की चौकटीसकट पालथा करा आणि माती थोडी थोडी सोलत काढा. नमुना जराही हलवू नका. उरलेला मातीचा तेलकट अंश कापसाच्या काडीने पुसून घ्या.

माती नमुन्याला भिडते तिथे काटकोन स्वच्छ हवा. बोटाने दाबलेली माती नमुन्यावर थोडी चढते आणि तिथे सिलिकोनची धारदार, पातळ कड तयार होते. ही कड दोन-चार ओतींत फाटते. लाकडी कोरणीने ती रेषा सावकाश काढा. साच्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जावा. सांध्याची रेषा नमुन्याच्या मुळातल्या कडेवरून नेली तर नकलेवर शिवण शोधूनही सापडत नाही. सपाट, दर्शनी भागावरून नेली तर ती कायम घासत बसावं लागतं.

ओतण्याची वाट ६ ते ८ मिमी रुंद ठेवा. नमुना साच्यात जसा उभा राहणार आहे त्या स्थितीत त्याचा प्रत्येक उंच बिंदू शोधा आणि तिथून २ मिमीची हवेची वाट वर काढा. अशी जागा विसरली की तिथे हवा अडकते आणि नकलेचा तेवढा कोपरा गायब होतो. नमुना थोडा तिरपा ठेवला तर उंच बिंदू कमी होतात. रेझिन शक्यतो तळाशी जाऊन वर चढेल अशी वाट काढा.

साचा मिटताना दोन्ही बाजूंना ताठ फळ्या लावून रबरबँड घाला. फळ्यांशिवाय रबरबँड ताणले तर मऊ साचा मध्ये दबतो आणि नक्कल चपटी येते. फार घट्टही नको. पापडी येत असेल तर आवळण्याऐवजी सांधा स्वच्छ आहे का ते बघा, बहुधा जुन्या रेझिनची कपची अडकलेली असते.

आणखी एक मार्ग आहे, आणि छोट्या भागांसाठी आम्ही तोच आधी सुचवतो. नमुना ओतवाटेच्या कांडीवर उभा करून अर्धपारदर्शक सिलिकोनचा एकच अखंड ठोकळा ओता. जमल्यावर शस्त्रक्रियेच्या धारदार पात्याने बाहेरून नागमोडी रेषेत कापत नमुन्यापर्यंत जा आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरळ कापा. नागमोडी काप स्वतःच खुंट्यांचं काम करतो, सांधा बिनचूक मिटतो आणि दुसऱ्यांदा ओतण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: बुडबुडे जात नाहीत. निर्वात पंप घ्यावा की दाबाचं भांडं?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. निर्वात बुडबुडे बाहेर ओढून काढतं, दाब त्यांना चिरडून लहान करतो.

सिलिकोनला जमायला वेळ लागतो, म्हणून त्याला निर्वात सोयीचं. मिसळलेलं सिलिकोन त्याच्या चौपट मापाच्या भांड्यात घ्या. दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.९५ बारने खाली गेला की ते फुगून वर येतं, मग एकदम खाली बसतं. बसल्यावर आणखी दोन मिनिटं ठेवा आणि हवा हळूहळू आत सोडा. भांडं लहान असेल तर सिलिकोन पंपात जातं आणि पंप संपतो.

तीन मिनिटांत जमणाऱ्या पॉलियुरेथेनला एवढा अवधी नसतो. त्यासाठी दाब. भरलेला साचा भांड्यात ठेवून ३ बार दाब दिला तर वातावरणाचा धरून एकूण ४ बार होतात. बुडबुड्याचं आकारमान चौथ्या हिश्श्यावर येतं आणि वायूचा काही भाग रेझिनमध्ये विरघळतो. रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत दाब सोडायचा नाही. आधी सोडला की बुडबुडे पुन्हा फुगतात.

यात एक खाच आहे आणि अनेकांची निराशा तिथेच होते. साचा साध्या हवेत ओतला आणि भाग दाबाखाली ओतला, तर साच्याच्या भिंतीत अडकलेले बुडबुडे दाबाने आत दबतात. तिथे पृष्ठभाग खचतो, रेझिन त्या खळग्यात शिरतं आणि नकलेवर बारीक बारीक पुटकुळ्या येतात. ज्या दाबाखाली भाग ओतणार, त्याच दाबाखाली साचाही जमवायला हवा.

भांडं त्या दाबासाठी प्रमाणित केलेलंच हवं, सुरक्षा झडप आणि दाबमापकासकट. स्वयंपाकाचा प्रेशर कुकर यासाठी नाही, त्याची झडप फक्त १ बारच्या आसपासच्या वाफेसाठी असते. निर्वातासाठी काचेची बरणी किंवा पातळ अॅक्रिलिकचा डबाही नको, तो आत फुटून तुकडे उडतात.

दोन्हींपैकी काही नसेल तरी चांगलं काम होतं. डबे वापरण्याआधी हाताला कोमट लागतील इतके गरम करा, सावकाश ढवळा, साच्यात आधी ब्रशने पातळ रेझिन फिरवा किंवा आतून टाल्कम पावडर शिंपडून झटका. पावडरीमुळे रेझिन कोपऱ्यांत ओढलं जातं. डबे कोमट केले की जमण्याचा वेळ कमी होतो, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न: दमट दिवसांत पॉलियुरेथेन रेझिन पावासारखं फुगून साच्याबाहेर आलं. डबा खराब निघाला का?

डब्यात, साच्यात किंवा भांड्यात पाणी शिरलं आहे. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं. पाण्याशी भेट झाली की ते कार्बन डायऑक्साइड सोडतं. १ ग्रॅम पाण्यातून सुमारे १.३ लीटर वायू निघू शकतो, यावरून काही थेंबांची ताकद कळेल.

पाणी येतं कुठून? कागदी कपातून, ढवळायच्या लाकडी काडीतून, नुकत्या धुतलेल्या साच्यातून, पाण्यावर आधारित रंगातून, आणि उघड्या राहिलेल्या डब्यातून. प्लॅस्टिकचे कप आणि धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. साचा ५० ते ६० अंशांवर तासभर तापवून थंड होऊ द्या. भरणासाठी टाल्क किंवा धातूची भुकटी घालत असाल तर ती आधी १०० अंशांच्या थोडं वर दोन तास वाळवा. त्यासाठी अन्न शिजवायचा ओव्हन वापरू नका. डबे उघडले की लगेच बंद करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पेटीत ठेवा. आयसोसायनेटच्या डब्यात तळाशी खडे किंवा वर साय दिसली तर त्या डब्यावर महत्त्वाचं काम करू नका. इपॉक्सी अशी फेसाळत नाही, म्हणून दमट हवेत थांबणं शक्य नसेल तर तिच्याकडे वळा.

प्रश्न: घाई असेल तर हार्डनर थोडा जास्त घातला तर चालेल का?

इपॉक्सी, पॉलियुरेथेन आणि प्लॅटिनम सिलिकोनला अजिबात नाही. त्यांत दोन्ही भागांचे रेणू एकमेकांना जोडून घेतात. एक भाग जास्त झाला की त्याचे उरलेले रेणू तसेच राहतात आणि वस्तू मऊ, चिकट किंवा ठिसूळ होते. कथिल सिलिकोनमध्ये डब्यावर दिलेल्या मर्यादेत उत्प्रेरक थोडा कमीजास्त करता येतो, पण जास्त घातला की साचा लवकर ठिसूळ होतो.

वेग हवा असेल तर तापमान वापरा. साधारण १० अंशांच्या वाढीने या क्रियांचा वेग दुप्पट होतो. मात्र जाड इपॉक्सीला हे लागू करू नका. ती जमताना स्वतःच तापते, आणि १०० ग्रॅमचा कप विसरून राहिला तर धूरही येऊ शकतो. उरलेली इपॉक्सी कपात न ठेवता पसरट ताटलीत ओतून द्या.

प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे डब्यावर दोनदा वाचा, कारण दोन भागांच्या घनता वेगळ्या असतात. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. १० ग्रॅममध्ये १ ग्रॅम मिसळायचा असेल आणि काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवत असेल, तर प्रत्यक्षात अर्धा ग्रॅमही पडू शकतो आणि दीडही. मिसळताना कपाच्या भिंती आणि तळ खरवडा, मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं कच्चं द्रव्य तिथेच राहतं. नकलेवर एखादाच चिकट पट्टा दिसतो, तो बहुतेक वेळा याच चुकीचा असतो.

प्रश्न: ६० मिमी व्यासाचं दातेरी चाक ओतलं, ते अर्धा मिलिमीटर लहान आलं.

साचा आक्रसतो आणि रेझिनही. कथिल सिलिकोनचा साचा ०.५ टक्के आणि रेझिन ०.४ टक्के आक्रसलं तर ६० मिमीवर सुमारे ०.५४ मिमी जातात. तुमचा आकडा याच्याशी जुळतो. प्लॅटिनम सिलिकोन ०.१ टक्क्याहून कमी आक्रसतं, म्हणून आधी साचा बदला. रेझिन सावकाश जमणारं घ्या, कारण ते कमी तापतं आणि कमी आक्रसतं. नमुना संगणकावर काढलेला असेल तर त्याच साहित्याची १०० मिमी लांबीची पट्टी ओतून व्हर्नियरने मोजा आणि तेवढ्या प्रमाणात नमुना वाढवा. एकूण ०.९ टक्के जात असतील तर १.००९ पटीने. छिद्रही त्याच प्रमाणात लहान होतं, ते रीमरने (छिद्र रुंदावण्याच्या हत्याराने) मापात आणावं.

चाकावर किती भार येतो हेही बघा. ओतीव पॉलियुरेथेन मूळच्या नायलॉनइतकं चिवट नसतं. खेळण्यातलं, घड्याळाच्या काट्याचं, दर्शक फिरवणारं चाक चालेल. मोटरच्या थेट जोरावर चालणाऱ्या चाकाचे दात तुटतील.

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानातल्या सीलंट सिलिकोनचा साचा होतो का?

साध्या आकारांसाठी होतो. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत जमत जातं, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. नुसता जाड गोळा लावला तर आत आठवडाभर कच्चा राहतो. म्हणून त्यात मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लॉवर मळतात. पिठातला ओलावा आतपर्यंत पोहोचतो आणि गोळा तासाभरात जमतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट घ्या, पीठ आकारमानाने अर्ध्यापासून बरोबरीपर्यंत. हातमोजे घालून कणकेसारखं मळा आणि पाच मिनिटांच्या आत नमुन्यावर दाबा. मळण्याआधी नमुन्यावर नुसत्या सीलंटचा पातळ थर ब्रशने लावला तर तपशील जास्त चांगला येतो.

ते ओतता येत नाही, बारीक खाचांत जात नाही, आक्रसतंही. वासातलं अॅसिटिक आम्ल तांबं आणि पितळ डागाळतं, तेव्हा धातूचा मौल्यवान नमुना याच्यात घालू नका. काम खिडक्या उघडून करा.

प्रश्न: यंत्राच्या रबरी पायासाठी कोणतं द्रव्य? एका साच्यातून किती नकला निघतात?

पायासाठी शोअर ए ६० ते ७० चं पॉलियुरेथेन रबर घ्या, घर्षणाला ते सिलिकोनपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. मधल्या स्क्रूसाठी वॉशर साच्यातच ठेवून ओता, नाहीतर स्क्रूचं डोकं रबर फाडून आरपार जातं. हे रबर साच्याला घट्ट धरू शकतं, म्हणून सिलिकोनच्या साच्यालाही रिलीज एजंट लावा.

नकलांची संख्या द्रव्यावर ठरते. प्लास्टर आणि मेण साच्याला जवळजवळ काही करत नाहीत. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर मात्र प्रत्येक ओतीत सिलिकोनमधलं तेल ओढून घेतात. वीस-तीस नकलांनंतर पृष्ठभाग निस्तेज होतो, भाग चिकटू लागतो, पातळ कडा फाटतात. एकापाठोपाठ एक ओतल्याने साचा तापून हे लवकर घडतं, म्हणून मध्ये त्याला थंड होऊ द्या. ठेवताना आत एक नक्कल राहू द्या आणि सपाट जागी ठेवा, नाहीतर साचा वाकडा होतो.

प्रश्न: सिलिकोनच्या साच्यात धातू ओतता येतो का?

कथिल ओतता येतं. शुद्ध कथिल २३२ अंशांना वितळतं. त्यासाठी जास्त तापमानाचं खास सिलिकोन लागतं, साधं सिलिकोन काही ओतींतच करपून तडकतं. साचा टाल्कने झटकून घ्या आणि कोमट करून पूर्ण कोरडा करा. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा एक थेंब जरी आला तरी त्याची वाफ सुमारे १,७०० पट पसरते आणि धातू तोंडावर उडतो. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट यांशिवाय हे काम करू नका.

भंगारातला अनोळखी धातू वितळवू नका, त्यात शिसं असू शकतं. कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूंपैकी वूड्स मेटल ७० अंशांना वितळतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही असतात. बिस्मथ, इंडियम आणि कथिल यांचा फील्ड्स मेटल ६२ अंशांना वितळतो आणि त्यात ते दोन्ही नसतात. जस्त ४२० अंशांना आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्यांना सिलिकोन चालत नाही.

प्रश्न: रेझिनला फारसा वास येत नाही. तरी मास्क लागतो का?

लागतो. आयसोसायनेटचा धोका वासाने ओळखू येत नाही. एकदा शरीराला त्याची अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लावा. धुळीचा कापडी किंवा कागदी मास्क वाफ अडवत नाही. खोलीत हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायला हवी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पॉलियुरेथेनचं काम घरात करूच नका. इपॉक्सीचा हार्डनर कातडीला लागला तर साबण-पाण्याने धुवा. अॅसिटोनने पुसू नका, त्याने तो कातडीत अधिक मुरतो. ओतीव भाग घासताना पाणी लावून घासा आणि धुळीचा मास्क वापरा. उरलेलं द्रव्य नाल्यात न टाकता दोन्ही भाग मिसळून कडक करा आणि मग कचऱ्यात टाका.

घरी ओतलेल्या भागांनी काय करू नये, हेही इथेच सांगतो, कारण ते अनेक पत्रांत विचारलं आहे. ब्रेक, हेल्मेट, शिडी, गॅसची जोडणी, दाबाखालच्या नळ्या आणि विजेच्या उघड्या तारांना लागणारे भाग ओतू नका. ताटल्या, चमचे आणि पेयाच्या बाटल्यांची बुचंही नाहीत. यांपैकी काही तुटलं असेल तर मूळ भाग शोधा, आणि मिळाला नाही तर ती वस्तू वापरातून काढा.